कर्मचाऱ्याचे की कर्मचाऱ्यांचे?

२०२१ साली ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात अब्रुनुकसानीचा एक दावा न्यायालयासमोर आला. घरं विकण्याचा व्यवसाय करणाऱ्या एका माणसानं त्याच व्यवसायातल्या दुसऱ्या एकाबद्दल फेसबुकवर लिहिलं होतं, की हा लाखो डॉलरची घरं विकतो, पण ‘एम्प्लॉइज’ना द्यायचे निवृत्तिनिधीचे पैसे काही देत नाही. लिहिणाऱ्याचं म्हणणं असं, की मला एकाच कर्मचाऱ्याबद्दल बोलायचं होतं. पण त्या शब्दातल्या शेवटच्या एसच्या आधी अपॉस्ट्रॉफी, म्हणजे अक्षराच्या डोक्याशी येणारं स्वल्पविरामासारखं चिन्ह, द्यायची राहून गेली होती. चिन्ह नाही म्हटल्यावर शब्द अनेकवचनी झाला. एका कर्मचाऱ्याचे पैसे राहून जाणं दुर्दैवी म्हणता येईल, पण अनेकांचे किंवा सगळ्यांचेच राहिले तर ती त्या माणसाची रीतच आहे असं वाचणाऱ्याला वाटेल, असं न्यायाधीशांनी म्हटलं. दावा क्षुल्लक म्हणून काढून टाकायला त्यांनी नकार दिला.

मराठीत हा सगळा वाद एका अनुस्वारात मावतो. कर्मचाऱ्याचे पैसे आणि कर्मचाऱ्यांचे पैसे.

अनुस्वार देताना आपण फारसा विचार करत नाही, कारण तो बोलताना थोडा तरी ऐकू येतो. इंग्रजीत तशी सोय नाही. ‘भावाचं घर’ आणि ‘भावांचं घर’ ही दोन्ही इंग्रजीत कानाला ‘ब्रदर्स हाउस’ अशीच ऐकू येतात. भाऊ एक असेल तर चिन्ह एसच्या आधी येतं, अनेक असतील तर एसच्या नंतर, आणि नुसतं ‘पुष्कळ भाऊ’ म्हणायचं असेल तर येतच नाही. अर्थ तीन आणि उच्चार एकच. त्यामुळे हे चिन्ह कानानं शिकता येत नाही. ज्याची मातृभाषा इंग्रजी आहे त्यालाही नाही. इंग्रजी लिहिताना आपण सतत मागे आहोत अशी भावना बाळगणाऱ्या मराठी माणसानं हे जरूर लक्षात ठेवावं: या एका बाबतीत लंडनमध्ये जन्मलेलं मूल आणि आपण एकाच ओळीत उभे असतो. दोघांनाही ते डोळ्यांनी आणि विचारानंच शिकावं लागतं.

मी बरीच वर्षं इंग्रजी मजकुराची मुद्रितं तपासत आले आहे. या कामात जितक्या अपॉस्ट्रॉफी मी सरकवल्या, खोडल्या आणि नव्यानं घातल्या, तितकं दुसरं कुठलंच चिन्ह हाताळलं नसेल. म्हणून थोड्या अधिकारानं सांगते. हे चिन्ह टिकायला हवं आणि नीट वापरलं जायला हवं. पण ते चुकलं म्हणून आपण ज्यांना हसतो, ती माणसं आपण चुकीची निवडली आहेत. आणि ज्यांना जाब विचारायला हवा, त्यांना आपण बिनबोभाट सोडून देतो.

आधी हे चिन्ह आहे काय ते पाहू. संस्कृत वाचलेल्याला त्याची ओळख एका शब्दात करून देता येते: अवग्रह. ‘सः’ आणि ‘अहम्’ जवळ आले की ‘सोऽहम्’ होतं. मधला ‘अ’ गळतो आणि त्याच्या जागी ऽ उभा राहून सांगतो, की इथे कुणीतरी होतं. अपॉस्ट्रॉफीचं मूळ काम नेमकं हेच. फ्रेंच लेखनासाठी ती १५२९ साली जोफ्रुआ तोरी या मुद्रकानं सुचवली आणि त्याच शतकात ती इंग्रजीत आली. ‘डू नॉट’चं ‘डोन्ट’ झालं, ‘नॉट’मधला ओ गळला, त्याची जागा या चिन्हानं राखली. आपण मराठीत ‘करतो आहे’चं ‘करतोय’ करतो आणि गळलेल्या अक्षरांची कसलीही खूण ठेवत नाही. इंग्रजीनं ठेवली.

मालकी दाखवणाऱ्या अपॉस्ट्रॉफीचं कोडंही इथेच सुटतं. जुन्या इंग्रजीत बऱ्याच नामांची षष्ठी ई-एस ही अक्षरं शेवटी लावून होत असे. पुढे त्या ईचा उच्चार गेला आणि गेलेल्या ईच्या जागी अपॉस्ट्रॉफी बसली. म्हणजे मालकीचं चिन्ह हेही मुळात लोपाचंच चिन्ह आहे. मधल्या काळात लोकांना असं वाटू लागलं होतं, की हा एस म्हणजे ‘हिज’चा संक्षेप असावा, ‘द किंग’स क्राउन’ म्हणजे ‘द किंग हिज क्राउन’. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५च्या आपल्या शब्दकोशाला जोडलेल्या व्याकरणात ही समजूत एका साध्या मुद्द्यानं मोडून काढली. हाच प्रत्यय ‘वुमन’लाही लागतो, मग तिथे ‘हिज’ कुठून येणार? एकवचनातली जागा सतराव्या शतकाच्या अखेरीस पक्की होत गेली. अनेकवचनी मालकीसाठी एसनंतर चिन्ह देण्याची पद्धत स्थिरावायला अठरावं शतक सरत आलं. हा इतिहास ठाऊक असला की मनातली भीती कमी होते. जो नियम आकाशातून पडल्यासारखा शिकवला जातो, तो मुद्रकांनी आणि व्याकरणकारांनी दोन-तीनशे वर्षं चाचपडत बसवलेला आहे.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या ‘इट्स’मध्ये. ‘त्याचं’ या अर्थी चिन्ह नाही, ‘इट इज’ या अर्थी आहे. गंमत अशी, की १७८७ साली लिहिलेल्या अमेरिकेच्या मूळ राज्यघटनेत, पहिल्या अनुच्छेदाच्या दहाव्या कलमात, ‘त्याचे’ या अर्थी जो ‘इट्स’ आहे त्यात अपॉस्ट्रॉफी आहे. त्या काळी ती रूढ होती, चूक मानली जात नव्हती. आज ती चूक आहे, आणि तिचं कारण मुलांना सांगायला फार सोपं आहे: ‘हिज’मध्ये चिन्ह आहे का? नाही. मग त्याच घरातल्या ‘इट्स’, ‘हर्स’, ‘अवर्स’, ‘देअर्स’मध्येही नाही. मला स्वतःला हे कारण कुणी शाळेत सांगितलं नाही. नुसतं लाल वर्तुळ मिळालं.

आता मूळ प्रश्न. इतकी भानगड असलेलं चिन्ह ठेवायचंच कशाला? बोलताना त्याच्यावाचून काही अडत नाही, मग लिहितानाच का अडावं? हा युक्तिवाद दुबळा नाही आणि तो करणारे लोकही लहान नाहीत. जॉर्ज बर्नार्ड शॉ तर या चिन्हांना पानभर पसरलेले ओंगळ जंतूच म्हणत. ‘डोन्ट’, ‘वोन्ट’ असे शब्द ते चिन्हाशिवाय छापायला लावत. पण त्याच शॉ यांनी ‘ही विल’चा संक्षेप ‘ही’ल’ लिहिताना चिन्ह ठेवलं, कारण ते काढलं की त्याच अक्षरांचा ‘हेल’ होतो, म्हणजे नरक. या चिन्हाच्या सर्वांत कडव्या विरोधकालाही ते सगळीकडून हाकलता आलं नाही. जिथे अर्थ त्याच्यावर उभा होता तिथे त्यांनी ते राहू दिलं.

मला वाटतं उत्तर तिथेच आहे, आणि ते मराठी माणसाला तर लगेच पटावं. १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी आपण उच्चार नसलेले अनुस्वार काढून टाकले. ‘नांव’चं ‘नाव’ झालं, ‘पांच’चं ‘पाच’, ‘नाहीं’चं ‘नाही’. वाचताना कुणाचं काही अडलं नाही, कारण ते अनुस्वार कुठलंच काम करत नव्हते. पण ‘विद्यार्थ्यांचं’मधला अनुस्वार आपण ठेवला. तो काढला असता तर एक विद्यार्थी आणि शंभर विद्यार्थी यांतला फरकच पुसला गेला असता. चिन्ह काम करतं की नाही हा निकष. बोलताना आपल्याजवळ आवाज असतो, थांबणं असतं, समोरचा लगेच ‘एकाचं की सगळ्यांचं?’ असं विचारू शकतो. कागदावर समोर कुणी नसतं. वाचणाऱ्याला प्रश्न विचारता येत नाही, म्हणून उत्तर लिहिणाऱ्यानं आधीच देऊन ठेवायचं असतं.

तर मग ते चुकवणाऱ्यांवर आपण चिडतो ते बरोबरच, असं कुणी म्हणेल. थांबा.

जॉन रिचर्ड्स नावाच्या निवृत्त पत्रकारानं २००१ साली इंग्लंडमधल्या लिंकनशायरमध्ये अपॉस्ट्रॉफीच्या रक्षणासाठी एक संस्था काढली. २०१९च्या अखेरीस, वयाच्या ९६व्या वर्षी, त्यांनी ती बंद करत असल्याचं जाहीर केलं. कारण देताना त्यांनी म्हटलं, की आजच्या काळातलं अज्ञान आणि आळस जिंकला आहे. या माणसाबद्दल मला आदर आहे. एका खुणेसाठी अठरा वर्षं खपणं ही थोडी गोष्ट नाही. पण त्यांच्या त्या वाक्यापाशी मी दर वेळी अडखळते, कारण अज्ञान आणि आळस त्यांनी एका पारड्यात टाकले. या दोन गोष्टी दोन वेगळ्या माणसांच्या असतात.

दुकानाबाहेर खडूनं भाव लिहिणारा, अनेकवचनाला चुकून अपॉस्ट्रॉफी लावतो. या चुकीला इंग्रजीत चक्क ‘भाजीवाल्याची अपॉस्ट्रॉफी’ असं नाव आहे. चुकीला एका अख्ख्या कष्टकरी धंद्याचं नाव चिकटवून ठेवलेलं आहे आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. वास्तविक तो भाजीवाला जे करतो तेच सतराव्या-अठराव्या शतकातले शिकलेसवरलेले मुद्रक करत होते. परभाषेतून आलेल्या, स्वरान्त शब्दाचं अनेकवचन करताना, उदाहरणार्थ ‘ऑपेरा’ किंवा ‘फोलिओ’चं, एसच्या आधी ते अपॉस्ट्रॉफी देत. डच भाषेत तर ‘फोटो’चं अनेकवचन आजही तसंच लिहितात आणि तेच शुद्ध मानतात. शब्द स्वरान्त आहे, त्याला नुसता एस जोडला तर उच्चार बदलेल की काय, ही शंका मनात येणं हे निर्बुद्धपणाचं लक्षण नव्हे. तो माणूस अक्षरांचा विचार करतो आहे, फक्त त्याला चालू नियम कुणी सांगितलेला नाही. हे अज्ञान. त्यात त्याचा दोष किती? त्याच्या पाटीवरून भाव कळतो, माल कळतो, कुणाचं नुकसान होत नाही. तरी हसणाऱ्यांची सगळी बोटं त्याच्याकडे वळतात.

आळस मात्र कुठे असतो ते मी कामात पाहिलं आहे. एका मोठ्या संस्थेचा वार्षिक अहवाल माझ्याकडे तपासायला आला होता, गुळगुळीत कागद, रंगीत छपाई. मुखपृष्ठावरच, विद्यार्थ्यांसाठी केलेल्या कामाबद्दल लिहिताना, चिन्ह अशा जागी होतं की सगळं काम एकाच विद्यार्थ्यासाठी झालं होतं. मी दुरुस्ती कळवली. उत्तर आलं, मुखपृष्ठ छापून झालंय, आणि वाचणाऱ्याला कळतं ना. त्या उत्तराचा मला आजही राग येतो. त्यांच्याकडे वेळ होता, माणसं होती, पैसा होता, आणि तपासायला मुद्दाम नेमलेली मी होते. नव्हती ती फक्त पर्वा.

सार्वजनिक पातळीवर हेच मोठ्या प्रमाणात होतं आणि त्याला धोरण असं भारदस्त नाव मिळतं. बर्मिंगहॅमच्या नगर परिषदेनं २००९ साली रस्त्यांच्या पाट्यांवरून अपॉस्ट्रॉफी हटवायचं ठरवलं. २०१३ साली मिड डेव्हनच्या परिषदेनं तसाच प्रस्ताव आणला आणि लोक संतापल्यावर मागे घेतला. केंब्रिजमध्ये २०१४ साली नव्या रस्त्यांच्या नावांतून चिन्ह वगळायचा नियम झाला, तेव्हा लोकांनी मार्कर पेन घेऊन पाट्यांवर गळलेली चिन्हं स्वतः घातली. तो नियमही मागे घ्यावा लागला. २०२४ साली नॉर्थ यॉर्कशायरच्या परिषदेनं पुन्हा तीच वाट धरली. या निर्णयांमागे दोन कारणं फिरून फिरून येतात: संगणकातल्या नोंदींत विरामचिन्हं अडचणीची ठरतात, आणि रुग्णवाहिकेसारख्या तातडीच्या सेवांना पत्ता शोधताना गोंधळ होतो.

रुग्णवाहिकेचं नाव निघालं की माणूस गप्प बसतो, म्हणूनच या कारणाकडे नीट पाहायला हवं. शोधताना विरामचिन्हांकडे दुर्लक्ष करायचं, चिन्ह घालून शोधलं काय आणि न घालता शोधलं काय, तोच रस्ता सापडायला हवा, हे संगणकाला शिकवणं अवघड नाही. शोधयंत्रं ते रोज करतात. अडचण यंत्रात असेल तर यंत्र दुरुस्त करावं. यंत्राची दुरुस्ती टाळण्यासाठी भाषेचा अवयव कापायचा हा कुठला न्याय?

इथे एक कबुली द्यायला हवी, नाहीतर माझं म्हणणं आडमुठेपणाचं ठरेल. नावाला चिकटलेली प्रत्येक अपॉस्ट्रॉफी पवित्र आहे असं मी मानत नाही. अमेरिकेत भौगोलिक नावांचं मंडळ १८९० साली स्थापन झालं तेव्हापासून ते ठिकाणांच्या नावांत मालकीची अपॉस्ट्रॉफी सहसा मान्य करत नाही. आजवर फक्त पाच नावांना त्यांनी सूट दिली आहे. त्यातलं पहिलं मार्था’स व्हिनयार्ड हे बेट, १९३३ साली. लंडनच्या पिकॅडिली या भुयारी रेल्वेमार्गावर अर्ल’स कोर्ट या स्थानकाला चिन्ह आहे आणि लगतच्या बॅरन्स कोर्टला नाही, तरी तिथे कुणी चुकीच्या स्थानकावर उतरत नाही. वॉटरस्टोन्स या पुस्तकविक्रेत्या कंपनीनं २०१२ साली नावातलं चिन्ह काढलं तेव्हा पुष्कळ ओरड झाली, पण तिचं नाव आता एका माणसाची मालकी सांगत नाही, ते नुसतं नाव आहे. काम संपलेलं चिन्ह गळालं तर मी शोक करणार नाही. माझी तक्रार कारणाबद्दल आहे. विचार करून काढलेलं चिन्ह वेगळं आणि यंत्राला जमत नाही म्हणून काढलेलं वेगळं.

कारण यंत्राची ही सोय रस्त्यांच्या पाट्यांवर थांबत नाही. ती माणसांच्या नावांपर्यंत येते. ओ’ब्रायन, ओ’नील, द’सूझा अशी नावं असलेल्या असंख्य लोकांना ऑनलाइन अर्ज भरताना ‘नावात अवैध चिन्ह आहे’ असा निरोप मिळतो. स्वतःचं नाव अवैध! कारण तांत्रिक आहे. माहितीसाठ्याला प्रश्न विचारण्याच्या भाषेत सरळ अपॉस्ट्रॉफी हीच मजकूर सुरू झाला आणि संपला याची खूण असते. कार्यक्रम निष्काळजीपणे लिहिला असेल तर ‘ओ’नंतर मजकूर संपला असं यंत्राला वाटतं आणि ‘ब्रायन’ ही त्याला आज्ञा वाटते. याच फटीतून घुसखोर माहिती चोरतात. यावरचा उपाय जुना आणि सर्वज्ञात आहे: भरलेली माहिती आणि यंत्राला दिलेली आज्ञा या दोन गोष्टी वेगवेगळ्या पाठवायच्या. म्हणजे जी संस्था अपॉस्ट्रॉफी स्वीकारत नाही, ती बहुधा आपल्या घराची कडी नीट लागत नाही हेच जाहीर करत असते. आणि शिक्षा कुणाला? तर ज्याचं नाव तसं आहे त्याला. तिकिटावर एक नाव, पारपत्रावर दुसरं, आणि खुलासे देत फिरायचं त्यानं. आयरिश लोकांच्या बाबतीत हे आणखी बोचतं. त्यांचं मूळ अक्षर ‘ओ’वर तिरकी रेघ असलेलं, ‘वंशज’ या अर्थाचं. इंग्रजी नोंदींत त्याची अपॉस्ट्रॉफी झाली. आधी दुसऱ्यांच्या नोंदींनी ती त्यांच्या नावात घातली आणि आता दुसऱ्यांचीच यंत्रं ती काढून घेतात.

हसणाऱ्यांची बोटं इकडे का वळत नाहीत? भाजीवाल्याच्या पाटीचा फोटो काढून तो जगभर फिरवणारे लोक अशा अर्जासमोर मुकाट्यानं आपलं नाव मोडून का लिहितात?

शाळेत आणि परीक्षेतही हाच उलटा न्याय चालतो. शब्द एसनं संपत असेल तर मालकी दाखवताना पुढे आणखी एक एस द्यायचा की नुसतं चिन्ह, यावर लोक गुण कापतात. २००६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात कॅन्सस राज्याचा एक खटला होता. बहुमताचा निर्णय लिहिणारे न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी ‘कॅन्सस’नंतर नुसतं चिन्ह दिलं, आणि विरोधी मत लिहिणारे न्यायमूर्ती डेव्हिड सूटर यांनी चिन्ह देऊन वर एसही दिला. देशाच्या सर्वोच्च न्यायपीठावर ज्या बाबतीत दोन पद्धती शेजारी शेजारी नांदतात, त्या बाबतीत चौदा वर्षांच्या मुलाचा अर्धा गुण कापणं अन्यायाचं आहे. ती शैलीची बाब आहे, अर्थाची नाही. एक पद्धत धरा आणि ती शेवटपर्यंत पाळा, एवढं सांगितलं की पुरे. गुण कापायचेच असतील तर एकाचं की अनेकांचं हे जिथे बिघडतं तिथे कापा. आणि त्याआधी ते शिकवा.

शिकवायला ते खरोखर अवघड नाही, मराठी मुलांना तर मुळीच नाही. आपल्याजवळ षष्ठीचा प्रत्यय आहे. वाक्याचं मराठी करून पाहायचं. चा, ची, चे, च्या आलं तर चिन्हाचा विचार करायचा, नुसतं अनेकवचन आलं तर चिन्हाला हात लावायचा नाही. मग मालक कोण ते आधी पूर्ण लिहायचं आणि चिन्ह त्याच्या लगेच पुढे ठेवायचं. मालक ‘चिल्ड्रन’ असेल तर चिन्ह ‘चिल्ड्रन’च्या पुढे आणि मग एस. मालक ‘लेडीज’ असेल तर तिचा एस आधीच लिहून झालेला आहे, चिन्ह त्याच्यानंतर. मराठीत अनुस्वार आला, ‘मुलांचं’, ‘बायकांचं’, तर मालक अनेक आहेत हे कळलंच. ‘टू वीक्स’ नोटिस’सारखा शब्दप्रयोग भल्याभल्यांना अडवतो, कारण आठवडे कशाचे मालक होणार असं वाटतं. पण मराठीत आपण ‘दोन आठवड्यांची नोटीस’ म्हणतो. ‘ची’ आहे आणि अनुस्वारही आहे. चिन्ह कुठे द्यायचं ते आपलीच भाषा सांगते.

मात्र सर्वनामांना ही युक्ती लागू नाही, ते वेगळं सांगावं लागतं. आणि फोनवर विसंबू नये. तो ‘इट्स’मध्ये नको तिथे चिन्ह घालतो, आणि ‘’९०चं दशक’ लिहायला गेलं तर आकड्याआधी उलटं अवतरणचिन्ह ठेवतो.

मध्यंतरी एका तरुण मुलीनं मला तिचा नोकरीचा अर्ज तपासायला दिला. पूर्ण पानात एकच अपॉस्ट्रॉफी चुकली होती, आणि अर्ज देताना तिची मान आधीच खाली होती, इंग्रजी कच्चं आहे म्हणून. मी तिला विचारलं, हे वाक्य मराठीत सांग. ती म्हणाली, ‘ग्राहकांच्या तक्रारी मी सोडवल्या.’ मग स्वतःच कागदाकडे पाहिलं, पेन घेतलं, आणि एसच्या आधीचं चिन्ह खोडून एसच्या नंतर दिलं.